डावा कार्ब्युरेटर भास्करचा

मोटरसायकलवरून पुण्याहून औरंगाबादला जाण्यात पराक्रम काही नाही, हे आधीच कबूल करतो. रस्ता चांगला आहे, वाटेत चहा मिळतो, आणि माझ्याहून वयस्कर माणसं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला तिथं पोचतात. मला मात्र हा प्रवास करायला चोवीस वर्षं लागली. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर असतं; मी गेलो तेव्हा औरंगाबाद होतं, आणि मराठवाड्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. "अशा दिवसांत तिकडं कोण फिरायला जातं?" असं आमच्या सोसायटीच्या वॉचमनने विचारलं. दुसरं कोणी विचारणारं नव्हतं.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, म्हणून तिला कार्ब्युरेटरही दोन. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं, एवढंच त्यांचं काम. पण दोघांनी ते अगदी सारखं केलं पाहिजे, नाहीतर गाडी लंगडते. ती मी आणि भास्करने मिळून घेतली होती. आम्ही दोघं औरंगाबादजवळ वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे यंत्राने पत्रे ठोकून आकार देणाऱ्या खात्यात होतो, पत्र्याच्या एकाच खोलीत राहायचो, आणि दोघांनाही मोटरसायकलचं वेड होतं. गाडी दोघांची म्हटल्यावर कटकट नको म्हणून वाटणी केली. डावा कार्ब्युरेटर भास्करचा, उजवा माझा. रविवारी दोघं दोन बाजूंना बसून आपापला खोलायचो, धुवायचो, बसवायचो. दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. त्यामुळे आजही उजवा मला डोळे मिटून बसवता येतो आणि डाव्यातलं काडीचं कळत नाही.

मग शहरात, सिडकोत एक चांगली खोली निघाली, नळ असलेली. बघायला दोघं गेलो. भास्कर फाटकात गाडी धरून उभा राहिला, मी आत गेलो. मालक माझं आडनाव ऐकून खूश झाले आणि म्हणाले, "आणि बाहेर उभे आहेत त्यांचं पूर्ण नाव काय?" ते का विचारतात हे मला कळलं. भास्कर बौद्ध होता. नाव सांगितलं असतं तर खोली गेली असती. मी म्हणालो, "तो नुसता सोडायला आलाय. राहणार मी एकटाच." फाटक चार पावलांवर होतं. भास्करने ऐकलं. त्याने आपली ट्रंक मुकुंदवाडीला नातेवाइकांकडे हलवली. गाडी घेऊन जा म्हटलं तर म्हणाला, "तुझ्याकडंच राहू दे."

पुढे माझी बदली पुण्याला झाली. लग्न केलं नाही. कारण विचाराल तर जमलं नाही, एवढंच. 'राहणार मी एकटाच' हे त्या दिवशी खोटं होतं, नंतर ते खरं झालं. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर रिकाम्या घरात बसून तीच एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. भास्करला समोर उभं राहून सांगायचं होतं, की माझं चुकलं. त्यासाठी गेलो. बाकी जे पाहिलं, खाल्लं आणि बिघडवलं, ते वाटेतलं.

एका जुन्या सहकाऱ्याकडून फोन नंबर मिळवला होता. उचलला तो भास्करच्या बायकोने. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ते फोनवर बोलत नाहीत. यायचं तर या तुम्ही." मी ते 'तुमच्याशी बोलत नाहीत' असं ऐकलं, आणि आठवडाभर माझी हिंमत होईना.

पुलापलीकडे

नगर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा रंग उडत जातो. गोदावरीच्या पुलावर थांबलो. पूर्वी आम्ही इथं थांबून पाणी बघायचो, कारण ते भरपूर असायचं. या वेळी नदीच्या पात्रात ट्रॅक्टर उतरले होते आणि गाळ भरून नेत होते. एक मेंढपाळ पात्र ओलांडून चालत पलीकडे गेला, त्याच्या मेंढ्यांचे पायसुद्धा भिजले नाहीत. पुलावर माझ्याशेजारी कोणी असतं तर मी काहीतरी बोललो असतो. नुसताच उभा राहिलो आणि निघालो.

पुढे पेट्रोलचा काटा खाली आला. पंप लांब होता, म्हणून रस्त्याकडेच्या एका टपरीवर एका म्हातारीकडून बाटलीतलं पेट्रोल घेतलं. तिच्याकडे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांची रांगच होती. काहींत पेट्रोल, काहींत प्यायचं पाणी. त्या दिवसांत तिकडं बाटली, डबा, ड्रम, काहीही रिकामं ठेवत नसत. पाणी आलं की जे हाताशी असेल त्यात भरायचं. "बाटली पालथी करा दादा, सगळं सांडू द्या आत," ती मायेने म्हणाली. मी शेवटच्या थेंबापर्यंत पालथी केली.

दहा किलोमीटरवर गाडी खोकायला लागली आणि वाळूजच्या जवळ बंद पडली.

वाळूज

ढकलत ढकलत शफीकभाईच्या गॅरेजपर्यंत पोचलो. कारखान्यांच्या शिफ्टवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा, चाळिशीचा, बोलका माणूस. माझी गाडी बघून त्याने हातातली दुसऱ्याची गाडी सोडलीच. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवले, एकाची खालची वाटी सोडवली आणि त्यातलं पेट्रोल तळहातावर ओतलं. पेट्रोलच्या खाली काचेच्या मण्यासारखा एक गोल थेंब थरथरत होता.

"चचा, ये तो पानी है!" तो ओरडला, आणि शेजारच्या चहावाल्याला, पंक्चरवाल्याला सगळ्यांना बोलावून तळहात दाखवायला लागला. "देखो, पूरी बस्ती टँकर के पीछे भाग री, और चचा के कार्बोरेटर में पानी निकला!"

चहावाला वाकून बघत म्हणाला, "सांडू नका भाई, आमच्या कळशीत टाका."

सगळे हसले. मीही हसलो, आणि खूप दिवसांनी चार माणसांत हसलो हे लक्षात येऊन कसंतरीच वाटलं.

शफीकभाईने सगळे भाग साफ करून वर्तमानपत्रावर दोन रांगांत मांडले. तेवढ्यात त्याला वेळ आठवली. शुक्रवार होता. "जुम्मे की नमाज पढ के आता मैं. आधा घंटा. तब तक हात नक्को लगाओ, चचा."

मी शहाण्यासारखा बाकावर बसलो. समोर, जिथं आमची पत्र्याची खोली होती असं मला वाटत होतं, तिथं आठ मजली इमारती उभ्या होत्या. एकीचं नाव 'सरोवर रेसिडेन्सी' होतं आणि तिच्या फाटकात पाण्याचा टँकर आत शिरण्यासाठी मागेपुढे करत होता. खोलीची जागा नक्की कुठली, हे विचारायला ओळखीचं एकही माणूस दिसेना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला स्वस्थ बसवत नाही हा माझा जुना आजार. म्हटलं, माझा उजवा तर मीच बसवतो. आणि डावा त्यात काय, त्याच्यासारखाच असणार.

कार्ब्युरेटरची बाहेरची भांडी मला ओळखता आली. आत वरखाली सरकणारा एक पोकळ नळीचा तुकडा असतो, त्याला स्लाइड म्हणतात. ॲक्सिलरेटर पिळला की ती उचलली जाते. दोन्ही स्लाइड दिसायला जुळ्या. कागदावर जी उजवीकडच्या रांगेत होती ती मी उजव्यात घातली, डावीकडची डाव्यात. सगळं घट्ट केलं, पाणी काढून टाकलेल्या टाकीत नवं पेट्रोल ओतलं आणि ऐटीत किक मारली.

गाडी जी किंचाळली! ॲक्सिलरेटर सोडलेला, तरी इंजिन फाटेल अशा आवाजात पळायला लागलं. चावी बंद करेपर्यंत चहावाला दुकानाच्या मागे जाऊन उभा होता.

शफीकभाई परतला तो धावतच. कागदाकडे बघून त्याने कपाळाला हात लावला. तो गाडीच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याने रांगा आपल्या हिशोबाने मांडल्या होत्या. त्याचा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू. दोन्ही स्लाइडच्या खाचा उलट बाजूंना असतात, अदलाबदल झाली की त्या उघड्याच राहतात. "लेफ्ट-राइट हमेशा बैठनेवाले का होता, चचा. सामनेवाले का नहीं," तो म्हणाला. "बोला था, हात नक्को लगाओ. अब फिर से खोलना, सेटिंग करना... कल आओ."

मला उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. एक दिवस थांबलो असतो तर पुण्याला परत पळालो असतो, इतकं मी स्वतःला ओळखतो. मुकुंदवाडीकडे रिकामे पाण्याचे ड्रम घेऊन निघालेला एक टेम्पो शफीकभाईने थांबवला. ड्रम बाजूला सरकवून गाडी चढवली, दोरीने बांधली, आणि मी ड्रमांच्या मध्ये गाडीला मिठी मारून बसलो.

मुकुंदवाडी

मुकुंदवाडी मला छोट्या स्टेशनामुळे आठवत होती. शेतं आणि स्टेशन. आता स्टेशन शोधावं लागतं. टेम्पोवाला गल्ल्यांतून विचारत विचारत गेला आणि एका दुमजली घरापुढे थांबला. पांढऱ्या मिशांचा, जाडसर माणूस ओट्यावर उभा होता. मी ड्रमांमधून डोकं वर काढलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गाडीकडे बघत होता.

"डाव्याचं टोपण वाकडं बसलंय," तो म्हणाला. "कोणी उघडला रं?"

चोवीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. "मीच," मी म्हणालो. तो नुसता बघत राहिला. मी मोठ्याने ओरडलो, "मीच उघडला!" आणखी मोठ्याने ओरडणार, तेवढ्यात त्याची बायको, सुनंदावहिनी, आतून आली.

"ओरडू नका, भाऊजी. त्यांना ऐकू येत नाय. तीस वर्षं प्रेसवर काढली, कान गेले. अन् ओरडलं की माणसाचं तोंड वाकडं व्हतं, मग वाचता बी येत नाय. हळू बोला, पण त्यांच्याकडं तोंड करून बोला. समदं कळतंय त्यांना."

म्हणजे 'फोनवर बोलत नाहीत' याचा अर्थ एवढाच होता. माझी एक भीती गेली आणि त्या जागी दुसरी आली. मी पुण्यापासून जे वाक्य घोकत आलो होतो, ते खाली मान घालून, चहाच्या कपात बघत म्हणायचा माझा बेत होता. आता तशी सोय राहिली नव्हती.

वहिनींनी विचारलं, "पाणी किती देऊ?" आमच्याकडे पाहुण्याला भरलेला पेला देतात आणि तो अर्धा टाकून उठतो. इथं आधी विचारतात आणि तेवढंच देतात, आणि देणाऱ्याला त्यात काही संकोच वाटत नाही. मी अर्धा पेला म्हणालो आणि तळ दिसेपर्यंत प्यालो. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, झुणका आणि लसणाचा ठेचा होता. ताटात हात धुवायला पाणी न देता वहिनींनी पुसायला ओला कपडा दिला. भास्कर जेवताना माझ्या तोंडाकडे बघत होता, मी बोलेन म्हणून. मी घास घेत राहिलो. वरच्या मजल्यावर कारखान्यात जाणारी चार पोरं भाड्याने राहतात, त्यांच्या शेजारच्या खोलीत माझी गादी टाकली.

नळाचा दिवस

सकाळी लवकर उठून सिडकोत जाऊन आलो, पायीच. तो बंगला आता नाही. तिथं क्लासेसची चार मजली इमारत आहे. फाटक कुठं होतं तेसुद्धा मला नीट दाखवता आलं नसतं. परत येताना वाटलं, ती खोली, तो मालक, सगळं मोडून टाकलं लोकांनी, आणि ते वाक्य तेवढं मी सांभाळून ठेवलंय.

मी घरी आलो तेव्हा भास्करने गाडी ओट्याशी घेतली होती, हत्यारं मांडली होती. आता बोलू म्हणून मी समोर बसलो, तर गल्लीत एकदम आरोळी उठली, "नळ आला!" त्या दिवसांत आठवड्यातून एकदा नळ यायचा आणि कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. सगळी गल्ली घागरी, बादल्या घेऊन पळाली. मीही पळालो. तासभर मी हंडे उचलून आत नेले, टाकीत ओतले. भास्कर जिन्यात उभा राहून घेत होता, मी खालून देत होतो. एकही शब्द न बोलता आम्ही अख्खं घर भरलं. प्रेस शॉपमध्ये पत्रे असेच द्यायचो एकमेकांना. मला फार बरं वाटलं, आणि बोलायचं राहिलंय याची फार लाजही वाटली.

नळ गेल्यावर तो गाडीच्या डाव्या बाजूला बसला. मला सांगावं लागलं नाही, मी उजवीकडे बसलो. दोघांनी टोपणं उघडली. त्याने आपल्या कार्ब्युरेटरमधून स्लाइड बाहेर काढली, उन्हात धरली आणि टाकीवरून हात पुढे केला.

"ही तुझी हाय. माझी दे."

मी माझ्यातून काढून त्याची त्याला दिली. मग रबरी बूच, क्लॅम्प, पेट्रोलची नळी. माझे हात त्यांच्या सवयीने चालले. केबल ताणून झाल्यावर त्याने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि मला ॲक्सिलरेटर पिळायला लावला. दोन्ही स्लाइड एकदम उचलल्या पाहिजेत. पूर्वी हे आम्ही कानाने करायचो. आता तो गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला. मी किक मारली. गाडी शांतपणे सुरू झाली. त्याने दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांशी दोन तळवे धरले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्याकडं बराबर हाय. तुझ्याकडं कमी पडतंय."

मी माझा स्क्रू फिरवायला वाकलो. तसाच वाकलेला असताना, कार्ब्युरेटरकडे बघत, मी बोलून टाकलं. "भास्कर, त्या खोलीच्या वेळी माझं चुकलं." इंजिनाच्या आवाजात मला स्वतःलाच ते नीट ऐकू आलं नाही. मागे भास्कर तळवे धरून बसला होता.

ओट्यावर वहिनी ज्वारी निवडत होत्या. त्यांनी ऐकलं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तसं नाय कळायचं त्यांना. वर बघून बोला." आणि सूप उचलून त्या आत गेल्या.

मी उठलो. मागे जाऊन भास्करच्या समोर बसलो, हात काळे, गुडघे दुखत होते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी सावकाश म्हणालो, "मालकाला मी सांगितलं, राहणार मी एकटाच. तू बाहेर उभा होतास. माझं चुकलं, भास्कर."

"परत म्हण," तो म्हणाला.

मला वाटलं माझे ओठ नीट हलले नसतील. मी पुन्हा म्हणालो.

"परत."

तिसऱ्यांदा म्हणताना मला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस भर सकाळी गल्लीत धूर खात रडतोय, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं असणार. तोंड वाकडं झालं तर त्याला वाचता येणार नाही, म्हणून मी सगळा जोर लावून ते सरळ ठेवलं आणि वाक्य पुरं केलं.

भास्करने चिंधीने हात पुसले. "पहिल्याच बारीला कळलं व्हतं," तो म्हणाला. "पण लई वर्षं वाट बघितली. एकदा बघून भागंना."

त्याने 'जाऊ दे' म्हटलं नाही. मी ते ऐकायला गेलो होतो हे मला तेव्हा कळलं. तो पुन्हा सायलेन्सरकडे वळला, तळवे धरले आणि मला बोटाने खूण केली, अजून थोडा फिरव. मी जाऊन स्क्रू अर्धा आटा फिरवला. त्याने मान हलवली. जमलं.

"एक चक्कर मारू या?" मी त्याच्यापुढे येऊन विचारलं. "तू चालव, मी मागे बसतो."

"आज नको," तो म्हणाला.

परतीला

दुसऱ्या दिवशी वहिनींनी भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला. पाण्याची बाटली मी नको म्हणालो तरी त्यांनी भरून दिलीच. भास्कर ओट्यावर उभा होता, मी वळेपर्यंत उभा होता.

गाडी इतकी छान मी कित्येक वर्षांत चालवली नव्हती. दोन्ही बाजू एका दमात ओढत होत्या. असं काही झालं की माणसाला मागे वळून कोणालातरी सांगावंसं वाटतं, आणि मागची सीट रिकामी होती. शफीकभाईच्या गॅरेजपुढे हॉर्न दिला, त्याने पाना हलवून दाखवला. नगरच्या अलीकडे झाडाखाली भाकरी खाल्ली. कोणाशी बोललो नाही.

ऊन कलायच्या आत घरी पोचलो. वॉचमन नव्हता. कुलूप उघडलं, खोलीत उभा राहिलो, आणि पोचलो हे सांगायला घरात कोणी नाही हे नेहमीसारखंच जाणवलं. मग भास्करच्या मोबाइलवर मेसेज पाठवला: 'सुखरूप पोचलो. दोन्ही सिलिंडर सारखे चालले.'

उत्तर येणार नाही असं धरून मी मोबाइल टेबलावर ठेवला. तो वाजला.

'डावा प्लग काळा पडला असंल. काढून बघ अन् मला कळव.'

मी अजून बूट काढले नव्हते. तसाच पाना घेऊन खाली गेलो.